नव्वद ते शंभर

नळाला चिकटपट्टी लावते,
कमोडच्या टाकीत निळा रंग सोडते,
साबण उचलून घेते,
आरशाखालचं प्लास्टिकचं फूलही,
कारण एकाने कुंडीत बाटली लपवली होती.
मग म्हणते, या.

डॅव्हनपोर्ट. सकाळचे सव्वासहा.
देशभर दक्षिणेला जाणारी मिसिसिपी
इथे मात्र पश्चिमेला वळते,
म्हणून आयोवा नदीच्या वर, इलिनॉय खाली.
मध्ये पाच कमानींचा पूल.
त्या काठाला दुकान आहे, दवाखान्यासारखं लख्ख:
वयाचा दाखला द्या, गांजाच्या गोळ्या घ्या,
करासकट, पावतीसकट.
या काठाला मी आहे.

वर्लिन स्टॉट्स आला तेव्हा टोपी हातात होती.
ॲल्युमिनियमच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट, एकवीस वर्षं.
नावं संगणक काढतो, कुणाचा राग नाही, लोभ नाही,
असं मला सांगायचं असतं. सांगितलं.
खिसे रिकामे करा.
किल्ल्या, पेपरमिंट, एक बायकी चष्मा.
"ओपलचा," तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं.
ट्रेमध्ये ठेवला, कुलूप लावलं.

दार लोटून तो आत, मी बाहेर.
कायदा म्हणतो, माणसाची अब्रू राखा,
म्हणून मी बघत नाही,
आणि ऐकू येऊ नये म्हणून
भिंतीवरची अग्निशमनाची सूचना पुन्हा वाचते.
पाठ आहे. तरी.

कप त्याने दोन्ही हातांनी आणला,
काठोकाठ भरलेली आमटी आणावी तसा.
कपाच्या अंगाला पट्टी असते:
नव्वद ते शंभर अंश, चार मिनिटांच्या आत.
थंड असेल तर ते दुसऱ्याचं.
त्याचा ठिपका शहाण्णववर.
मला एवढंच कळतं, की हे आत्ता
जित्या माणसातून आलं. बाकीचं प्रयोगशाळेला.

दोन बाटल्या. एक तपासायला,
एक राखून, भांडायची वेळ आलीच तर.
झाकणावर सील, सीलवर त्याची आद्याक्षरं.
व्हीची एक काडी कागदाबाहेर गेली.

"झोपेसाठी," तो म्हणाला. "अर्धी. शनिवारी. घरी, तिकडे."
मी म्हटलं, मला सांगू नका.
"तिकडे चालतं."
हो, तिकडे चालतं.
पण गोळी पुलाशी उतरून थांबत नाही.
चरबीत शिरते आणि बसून राहते,
परतीचं तिकीटच न काढलेल्या पाहुण्यासारखी.
दारूचं बरं, रात्रीची सकाळपर्यंत जाते.
हिची शनिवारची झोप
पुढच्या गुरुवारीही हजेरी देते,
माणूस तेव्हा टक्क जागा असला तरी.

आमचं राज्य पत्रावर फार विश्वास ठेवतं.
निकाल वाईट आला तर रजिस्टर पोस्टानं कळवा,
पोचपावती मागा,
लिहा, की राखलेली बाटली तपासून घ्यायचा हक्क आहे,
सात दिवस, प्रयोगशाळा तुमच्या पसंतीची,
पैसे आधी तुमचे.
असं पत्र चुकलं तर कंपनी कोर्टात हरते म्हणतात.
म्हणून पत्रं चुकत नाहीत.

संध्याकाळी मी पूल ओलांडते.
मीही तिकडचीच, भाडं कमी आहे.
फ्रिजच्या दारात, मोहरीच्या बाटलीमागे,
माझीही एक डबी आहे, गुडघ्यांसाठी.
सील शाबूत.
रोज बघते, शाबूत आहे ना.

किल्ल्या त्याने नेल्या, पेपरमिंट नेलं.
चष्मा ट्रेमध्येच राहिला.
दुसऱ्या दिवशी कळलं.
काचा गार होत्या, एका दांडीला दोरा गुंडाळलेला.
विसरलेल्या वस्तूंचं काय करायचं
ते नियमावलीत असेल, मी शोधलं नाही.
पोस्टात नेला. बाईनं विचारलं, किंमत किती लिहू?
मागे रांग होती.
काहीतरी लिहा, म्हटलं, आणि पोचपावती हवी.

प्रयोगशाळेचा निकाल मला कधीच कळत नाही.
पण वाईट आला असेल
तर कंपनीचं पत्रही त्याच आठवड्यात सुटलं असेल,
आणि पोस्टमन त्याच्या दारात उभा राहून
म्हणाला असेल,
इथे सही करा.
आणि इथेही.