कळंक

ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद, आजारी उजळतो.
इंडिकेटर दिला की पार्किंगचे दिवे डोळे मिचकावतात.
हॉर्न फक्त उजवीकडे वळताना.
छावणीतला बाबूलाल बोनेट न उघडताच म्हणाला,
"पूरी वायरिंग फेंक दो मॅडम, नई डाल देंगे."
बघते, म्हटलं.
"इसमें देखना क्या है भिया!"
इंदुरात चिडलं की बाईलाही भिया म्हणतात.

चौसष्टची हेरल्ड.
मडगार्डांसकट सगळं नाकाड पुढे कलंडतं
आणि आपण सरळ चाकावर बसून काम करायचं.
गुडघे राजी नाहीत. तरी बसते.

तपकिरी बॅटरीकडून येते, ती कधी निजत नाही.
पांढरी किल्ली फिरवल्यावर जागी होते.
हिरव्यावर लाल रेघ, डावा. पांढरी रेघ, उजवा.
काळी म्हणजे अर्थिंग, सगळ्यांची परतीची वाट.
पाठ आहे मला.
पण साठ उन्हाळ्यांत सगळ्या वायरी
एकाच रंगाच्या झाल्यात, पायपुसण्याच्या.
नखानं खरवडलं तर कबूल करतात.

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या फ्रेमवर
शहराच्या जोड्या जोडल्या.
पलासिया, जिन्सी, खातीवाला टँक.
लाइनीत खरखर म्हणजे कुठेतरी पाणी, एवढं साधं.

रबराची नळी ओढली की आतून बुलेट निघते
हिरवी. पितळेच्या भांड्यात ताक राहून गेल्यासारखी
कळकलेली.
लिंबू नाही लावायचं. दोन दिवस चकाकतं,
आठवड्यात दुप्पट हिरवं.
वायर सोलायची. आत काळी निघाली तर बोटभर मागे,
अजून बोटभर,
तांबं गुलाबी दिसेपर्यंत.
कधीकधी तोवर वायरच संपते.
सियागंजातून आणलेल्या नव्या बुलेटा
डबीत शेंगदाण्यांसारख्या खुळखुळतात.
रोझिनचा धूर, डोळ्यांत पाणी,
आणि कथील एकदम, न विचारता, तारांत शिरतं.

काळ्या वायरीचा स्क्रू मडगार्डच्या आत होता,
गंजाखाली, आणि रंगाखालीही;
कुणीतरी गाडी रंगवताना त्याच्यावरूनच ब्रश मारलेला.
विजेला घरी जायचं असतं.
आपलं दार बंद दिसलं की ती शेजाऱ्याच्या घरातून जाते,
जाता जाता त्यांचा दिवा लावून.

तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डखाली,
पाठीवर आडवी, टॉर्च दातांत,
हाताला चिकटपट्टी लागली.
इन्शुलेशनची नव्हे. औषधाच्या दुकानातली,
कापडी, जखमेवर लावतात ती.
गाडी आधी महूच्या डॉक्टर शेवड्यांची.
मानपूरच्या घाटात वायपर थांबला असेल रात्री,
बॅग उघडली असेल.
कुणी टॉर्च धरली असेल, किंवा कुणीच नाही.

हळू सोडवली.
आत नुसता पीळ. सोल्डर नाही, बुलेट नाही.
तांबं मात्र कालचं असावं तसं.
कारखान्यातले सगळे जोड सडले आणि हा नाही.
कारण माहीत आहे मला: कोरडी जागा, हवा नाही.
तरी बराच वेळ तशीच पडून राहिले,
टॉर्चची लाळ गळ्यापर्यंत आली.

पट्टी तीच परत गुंडाळली. चिकटेना.
मग पर्समधली नवी काढली,
तिच्यावरून लावली.

संध्याकाळी ब्रेक दाबला.
मागून शेजारचा लोकेंद्र ओरडला, "काकू, फक्त ब्रेकच!"
त्या "फक्त"साठी तीन दिवस गेले.
हॉर्न सरळ रस्त्यालाही वाजतो आता.

आतला छोटा दिवा मात्र दार लावलं तरी विझत नाही.
काल विझत होता, म्हणजे हे माझंच काम.
बाबूलालला सांगणार नाही.
रात्री खिडकीतून दिसते
अंधारात उभी, आत कुणी वाचत बसल्यासारखी.
मग स्वेटर घालून खाली जाते,
दहा नंबरचा पाना घेऊन,
बॅटरी सोडवायला.