उलटं नाव

बिटाच्या टोकाखाली केएमटीचं तिकीट सारायचं
आणि हलवत राहायचं.
मशीन केसाकेसानं खाली येतं.
तिकीट अडलं, की तिथं शून्य.
"एवढंच, काका," नसीम मुजावर म्हणाली,
"लाकडाचा माथा कुठं आहे ते आपण सांगायचं.
तिला डोळे न्हाईत."

उद्यमनगरात, फौंड्रीच्या मागं, पत्र्याच्या शेडात
शिकतोय मी, चोपन्नाव्या वर्षी.
पहिल्या दिवशी विचारलं, शेवटी हे एम-तीस कशाला?
म्हणाली, "संपलं, घरी जा."
मी खरंच चप्पल घालायला लागलो.

आमचं काम गाठीच्या साच्यांचं.
पाडव्याआधी दोन महिने तात्या सागाची फळी मांडीत घेऊन बसायचे,
पटाशीच्या ढलप्या पार उंबऱ्यापर्यंत.
हिच्यातनं पीठ निघतं.
नळीतनं ओढून पोत्यात जातं,
मागं काही राहत नाही झाडायला.

तिसऱ्या दिवशी दोन मिलीचं बिट मोडलं.
साडेतीनशे रुपये.
सागात गाठ होती. गाठीच्या साच्यात गाठ.
फळीवर ती स्वच्छ दिसत होती,
पडद्यावर नव्हती,
आणि मी पडद्याकडं बघत होतो.

मग गंगावेशीतल्या बेनाड्यांची ऑर्डर आली,
पदकावर दुकानाचं नाव पाहिजे.
नाव टाइप केलं. खोली तीन मिली, कडेला उतार,
फीड कमी ठेवला, गाठ नसलेली फळी निवडली.
दीड तासानं फुंकर मारून बघितलं,
लाकडात काय देखणं उतरलं होतं, बेनाडे.

बेनाड्यांनी दोरा सोडून पाक ओतला,
गार झाल्यावर साचा उघडला,
आणि फोनवर बराच वेळ नुसते हसले.

"आरशाचं बटण राहिलं दाबायचं," नसीम म्हणाली,
"होतं सगळ्यांचं."

होत असेल.
पण तीस वर्षं मी उलटीच अक्षरं कोरली,
ब चं पोट उजवीकडं, ड चं तोंड फिरवलेलं,
मात्रा वाऱ्याविरुद्ध झुकलेल्या,
एकदा चुकलो नाही, एकदा थांबून आठवलं नाही.
उलटं करायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.
हाताला ठाऊक होतं.
त्यानं कधी सांगितलं नाही,
मी कधी विचारलं नाही.
एका घरात राहून भावांचं होतं तसं.

संध्याकाळी बसमध्ये खिडकीशी बसलो.
काचेवर उद्यमनगरची धूळ, बोटाला चाळा.
बिंदू चौकात गाडी तुंबली, तेव्हा खालच्या बाईनं
माझ्या काचेकडं बघितलं,
ओठ हलवून काहीतरी वाचलं
आणि मागं वळून बघितलं, कोण बेनाडे?

आतनं मला ते वाचता येत नव्हतं.
बोट पुसलं.
तिकीट घडी न पाडता वरच्या खिशात ठेवलं,
सकाळी शून्याला लागेल.