उसंत

नारीनच्या तंत्रशाळेत, दुसऱ्या वर्षाला
आम्हा पाच जणांना एक ओढा मिळाला.
म्हणजे ओढा होताच,
मिळाला तो त्याच्यावरचा पूल,
सात मीटर, लाकडी, पायी जाणाऱ्यांसाठी.
पलीकडच्या वस्तीतली सोळा मुलं
दगडांवरून उड्या मारत शाळेत यायची
आणि दिवसभर ओल्या मोज्यांत बसायची.

झिबेकबाई म्हणाल्या, करवत खाली ठेवा.
काम संपलं हे कशावरून कळेल, ते आधी लिहा.
आम्ही लिहिलं : पूल झाला की.
बाईंनी खोडलं.
आम्ही लिहिलं : मजबूत पूल झाला की.
तेही खोडलं.
संध्याकाळी बेगिमाय वैतागून म्हणाली,
बत्तीसच्या बत्तीस मोजे कोरडे राहिले की!
बाईंनी पेन्सिल कानामागे खोचली.

मग आम्ही पूल फोडला,
बांधायच्या आधीच.
भिंतभर चिठ्ठ्या : खड्डे खणणे, वाळू चाळणे,
तुळया तासणे, सरपंचांची सही आणणे.
ज्या चिठ्ठीवर नाव नाही
ती वाऱ्याने पडली तरी कुणी उचलत नाही,
हे पहिल्याच आठवड्यात कळलं.
(सही आणायची राहिली होती.)

चिठ्ठ्यांमधून दोरा ओवला.
ह्याच्यानंतर ते, त्याच्यानंतर हे.
सगळ्यात लांब दोरा माझ्या हातात आला.
मी काँक्रीटवाली.
माणसं वाढवली तर? नुरगाझीने विचारलं.
बाई म्हणाल्या, दहा जण भोवती उभे राहिलात
म्हणून सिमेंट लवकर धरत नाही.
बेगिमायच्या रंगाला अकरा दिवसांची उसंत,
कठड्याला चार,
माझ्यापुढे शून्य.
रात्री डोळे मिटले की ते दिसायचं,
ओल्या सिमेंटमध्ये पडलेल्या नाण्यासारखं.

काय काय बिघडेल, तेही लिहायचं होतं.
घाट बंद पडेल, असं मी लिहिलं.
अभद्र कशाला बोलायचं, नुरगाझी म्हणाला.
बोलल्याने घाट बंद होत नाही, बाई म्हणाल्या,
न बोलल्याने उघडाही राहत नाही.
आम्ही सिमेंट आधीच मागवलं.
घाट बंद पडला तेव्हा पोती शेडमध्ये होती.
बोल्ट मात्र पलीकडे अडकले.
बोल्टांचं कुणी अभद्र बोललंच नव्हतं.

एके दिवशी सरपंच आले, चहा घेतला,
म्हणाले, थोडा रुंद करा ना, घोडा जाईल.
आम्ही हो म्हणणारच होतो.
बाईंनी कागद पुढे सरकवला :
थोडा म्हणजे किती फळ्या,
किती दिवस, कुणाचे पैसे?
सरपंचांनी दुसरा कप घेतला.
घोडा अजून पाण्यातूनच जातो.

आणि मग एका मंगळवारी तोक्तोसून आलाच नाही.
बुधवारीही नाही.
आम्ही चिडलो, बरंच बोललो,
त्याच्या चिठ्ठीवर लाल फुल्या मारल्या.
बाई भिंतीसमोर उभ्या राहिल्या,
एकेक चिठ्ठी बोटाने चाचपत.
मेंढ्या कुठे आहेत ह्यात?

एप्रिलमध्ये मेंढ्या वितात.
आम्हाला घाट माहीत होता, थंडी माहीत होती,
शेजारच्या बाकावरच्या पोराच्या घरी
ह्या महिन्यात कुणी झोपत नाही
हे विचारायचं सुचलं नव्हतं.
कठड्याचे चार दिवस काढून
आम्ही त्याला दिले.
तो परत आला तेव्हा बाह्यांना चिकाचा वास होता,
आणि त्याने काही न बोलता
लाल फुल्यांवर नवी चिठ्ठी डकवली.

पाच दिवस उशिरा पूल झाला.
पहिल्या सकाळी आम्ही काठावर उभे, वही उघडून.
पंधरा मुलं ठकठक करत वरून गेली.
सोळावा अक्तान, असेल सात वर्षांचा,
पुलापाशी थांबला,
फळीवर एकदा पाय आपटून बघितला,
पसंतीची मान हलवली
आणि खाली उतरून
दगडांवरून उड्या मारत गेला.

बत्तीसच लिही, बेगिमाय कुजबुजली,
कोण मोजतंय?
मी बाईंकडे पाहिलं. त्या ओढ्याकडे बघत होत्या.

तीस, मी लिहिलं.