कारणाचा रकाना

मुलींच्या होस्टेलच्या गेटवर
रजिस्टरला पाच रकाने.
चौथा : बाहेर जाण्याचे कारण.
आम्ही सगळ्या 'झेरॉक्स' लिहितो.
फुटाळ्याला जायचं तरी झेरॉक्स,
कुठं तरी बसून रडायचं, तरी.

नवं परिपत्रक लागलंय :
सुरक्षेच्या दृष्टीने साडेआठनंतर प्रवेश नाही.
मुलांच्या गेटवर परिपत्रकच नाही,
तिथला गार्ड कूलरसमोर झोपतो.

हेडाऊबाई शिटी गळ्यात घालून बसतात.
डोक्यावर कॅमेरा,
मागच्या मे महिन्यातल्या उन्हापासून बंद.
"काहून वं, नऊ वाजून राह्यले नं!"
असं ओरडतात
आणि बॉलपेन झटकून
आठ एकोणतीस लिहितात.

दहाला त्यांची ड्यूटी संपते.
मग गोळीबार चौकापर्यंत सायकल,
मधे पुलाखालचा तो पट्टा
ज्यावर परिपत्रकात एक ओळ नाही.

काल मीच रजिस्टर ओढलं.
नाव : सिंधू हेडाऊ.
बाहेर : दहा दहा.
कारण?
"झेरॉक्स लिही," म्हणाल्या,
आणि पायडल मारलं.

परत आल्याचा रकाना
आज दुपारी दोनपर्यंत कोरा होता.
मी तीनदा खाली उतरून
पाहून आले.