उघड्या हातानं लोखंडाला शिवू नये

कंपनीनं चार पानं पाठवली आहेत.
यास्मीन वाचते, मी खाटेवर बसून ऐकतो,
पंखा पाचवर. डिसेंबरच आहे,
पण शिरोलीहून आलं की अंगातली भट्टी
विझायला दोन तास घेते.

तिकडं सकाळ साडेनऊला. दुपारी तीनला अंधार.
थंडी उणे पंचवीस, वारा सुटला तर आणखी.
उणे म्हणजे किती, मी विचारतो.
आपण गंगावेशीत पहाटे दूध प्यायला जातो,
धारेतनं वाफ निघते, अख्खी पेठ कानटोपीत,
तेव्हा बारा असतात, अब्बा.
तिथनं सदतीस पायऱ्या खाली.

कपडे एकावर एक, सैल.
मधे हवा अडकली पाहिजे, हवाच ऊब धरते.
इथं मला हसू फुटतं.
एकतीस वर्षं साच्यातली हवा बाहेर काढण्यात गेली.
एक बुडबुडा राहिला की कास्टिंग भंगारात,
कदम सुपरवायझरच्या शिव्या वेगळ्या.
आणि पोरीनं ती अंगाशी जपून न्यायची!

बर्फावर पावलं छोटी, हात खिशात नकोत.
हे मला येतं. पंचगंगेच्या घाटावर शेवाळ धरलं की
आम्ही असंच चालतो
आणि तरी कोणीतरी पडतंच.
पडलीस तर पड, पण हात टेकू नकोस,
मनगट जातं. हे त्यांनी लिहिलेलं नाही.

मोबाइल आतल्या खिशात, छातीशी,
बॅटरी गारठून मरते.
पापण्यांवर श्वास गोठतो.
शमीम चुलीपासनं ओरडते,
असल्या ठिकाणी माणसं राहतात तरी कशाला?

मग यास्मीन थांबते, एक ओळ दोनदा वाचते.
उघड्या हातानं लोखंडाला शिवू नये.
कडी, कठडा, गाडीचं दार.
कातडं चिकटून राहतं.

मी माझा डावा तळवा बघतो.
अंगठ्याखाली दोन हजार चारचा डाग,
चौदाशे डिग्रीचा नाही,
नुसत्या एका गरम सांडशीचा.
म्हणजे तिथलं लोखंडही हेच सांगतं.
एवढ्या लांब जाऊन
पोरीनं बापाचाच नियम पाळायचा.

उठून ट्रंकेतनं भट्टीचे हातमोजे काढतो,
नवे, कोपरापर्यंतचे.
अब्बा, तेवीस किलोच नेता येतं.
बरं. परत ठेवतो.

एक गोष्ट मात्र चारही पानांत नाही.
आम्ही रंगावरनं ओळखतो:
आधी काळपट लाल, मग केशरी, मग पिवळं,
पांढरं झालं की मागं सरा, ओतायची वेळ झाली.
जन्मभर पांढरं म्हणजे सगळ्यांत तापलेलं.
आणि तिथं, ती म्हणते, दारापासनं नजर जाईल तिथवर
मी काही बोलत नाही.

पहाटच कळत नसेल तर फजर कशावर धरायची,
एवढंच विचारतो.
फोनमध्ये वेळ येते, अब्बा.
आतल्या खिशातल्या?
हो, छातीशीच्या.