मॅचिंग

भरमाण्णा पहिल्याच दिवशी म्हणाले,
पांढरा मारून टाकू काय ओ सगळीकडं?
ब्रोकर म्हणतोय, पांढऱ्याला गिऱ्हाईक पटकन लागतंय.
पुट्टी धरून साठ हजार,
आणि माणसं येणार रविवारी.
मी म्हटलं, थांबा. आधी मला भिंत बघू दे.

शहापूरच्या खडेबाजारात वीस वर्षं
मी ब्लाउजपीस काढून दिलेत.
बाई पिशवीतनं नुसता पदराचा कोपरा दाखवायची,
मी फळीवरच्या तीनशे गठ्ठ्यांतनं एक ओढायची
आणि तिला घेऊन दारापर्यंत जायची, उजेडात.
ट्यूबलाइटखाली कुठलाच रंग खरं बोलत नाही.
साडी बदला, असं मी एकीलाही म्हटलेलं नाही.
अजून वडगावात मला मॅचिंगअक्काच म्हणतात,
घरं लावून द्यायला लागले तरी.

तर ही भिंत : रामा.
कंपनीच्या कार्डावर तिला काही नंबर असेल.
भरमाण्णांनी मात्र दुकानात सुताची लडी नेऊन
डब्यात रंग मिसळून घेतला होता,
मागावरच्या पहिल्या लॉटशी जुळेपर्यंत.
हे त्यांनी मला तिसऱ्या दिवशी सांगितलं,
स्टुलावर उभं राहून, होल्डर काढता काढता.

रामाला पांढरं सोसत नाही, भगभगतं.
प्लास्टिकच्या खुर्च्या परसात घातल्या.
ट्यूब उतरवली, पिवळा बल्ब लावला.
सातेरीताईंची विटकरी सतरंजी दोन दिवस उसनी,
कपाटावर डाळिंबी खणाचा तुकडा.
आतल्या खोलीला अबोली; तिथं
निळा पडदा तेवढा काढला, अबोली आपोआप बोलू लागली.
स्वयंपाकघराचा पिवळा फोडणीनं करपलेला,
सोड्यानं घासून निघाला तेवढा काढला,
उरला त्याच्यापुढं पितळेचे डबे.

अडचण पुढच्या खोलीत.
कंबरेएवढ्या उंचीवर तेलाचा काळा ओघळ,
दोन माग होते तिथं, मोडीत जाईपर्यंत.
आणि मागाआड उन्हाला कधी न दिसलेला
हातभर चौकोन,
कालच ब्रश फिरवल्यासारखा रामा.
देवाची फ्रेम लावूया, भरमाण्णा म्हणाले.
गिऱ्हाईक फ्रेम उचलून बघतंयच की.
मी बाक सरकवला.
त्याच्या पाठीची कड ओघळावर बरोबर बसली,
काठावर काठ येतो तशी.
चौकोन उघडाच ठेवला.

रविवारी मुगळी नवराबायको आले, गोकाककडचे.
त्यांनी ओल शोधली, भिंतीवर बोटं वाजवली,
नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते
कन्नडमधनं दोनदा विचारलं,
आणि ब्रोकरला म्हणाले, घेतलं तर आधी सगळं पांढरं.
बाई काहीच बोलल्या नव्हत्या.
चौकोनापाशी थांबल्या.
पदराचं टोक भिंतीला लावून बघितलं,
मग ते टोक धरून दारापर्यंत गेल्या, उजेडात,
पुन्हा भिंतीशी आल्या.
"इरली," म्हणाल्या. "बण्णा इरली."

राहू दे. रंग राहू दे.
जन्म वडगावात गेला, भरमाण्णांना कळलं नसेल असं नाही.
तरी माझ्या कानाशी येऊन म्हणाले,
काय म्हणाली ओ ती?

सौदा अजून अडकलाय, मुगळी दोन लाख उतरवायला बघतोय.
सातेरीताईंनी सतरंजी परत मागितलीय.
भरमाण्णांचा लेक वेर्ण्याहून फोन करतो,
झालं काय, झालं काय.
आणि भरमाण्णा मला विचारतात,
तसला बल्ब आणखी एक मिळेल काय,
आतल्या खोलीला,
आहोत तोवर.