डावीकडून

लठ्ठेसाहेब विमा कंपनीचे. फोनवर म्हणाले,
चार बाजूंनी चार, नंबरप्लेट, चासीचा नंबर,
आणि ट्रक पाण्याबाहेर येतानाचा एक,
वेळेसकट.
कलाकारी नको.

मी लग्नाचे फोटो काढते. मिरजेत किल्ला भागात
जिन्याखालचा स्टुडिओ.
मुहूर्ताचे दिवस होते, तरी आले.
एवढी मोठी क्रेन कधी जवळून पाहिली नव्हती.

अंकलीच्या पुलाखाली ती पहाटेच पोचलेली,
उसाच्या बांधाची काळी माती दाबत.
रेल्वेचे जुने स्लीपर पायांखाली घालून
ऐसपैस बसलेली,
जात्याशी बसावं तशी.

केबिनमध्ये दस्तगीर. काठावर इराप्पा खलाशी.
दस्तगीर नदीकडे बघतच नव्हता,
इराप्पाच्या हाताकडे बघत होता फक्त.
एक बोट गोल फिरलं की वर,
मूठ मिटली की थांब.
इराप्पा ओरडायचाही, हाबेस! आरिया!
पण इंजिनाच्या आवाजात ते
त्याचं त्यालाच ऐकू येत असेल.

आणि पाण्यात धोंडीराम आंबी.
साठीचा माणूस. ना नळी, ना चष्मा.
पट्ट्याचं टोक दातात धरून खाली जायचा
आणि मी आकडे मोजायचे.
पन्नास. साठ. ऐंशी.
एवढा वेळ पडदा उघडा ठेवून
मी एकही फोटो काढलेला नाही.
वर आला की तो थुंकायचा, म्हणायचा,
मागचं चाक गाळात हाय.
पुन्हा जायचा.

पहिल्यांदा पट्टा निसटला.
नुसतं टप वाजलं पाण्यात आणि
एवढा बारा टनांचा माल
परत आपल्या जागी गेला, ओळखीच्या घरी जावा तसा.
कोणी काही बोललं नाही.
दस्तगीरनं तंबाखू मळली.

दुसऱ्यांदा सव्वाबाराला बूम कण्हली,
तार ताठ झाली, तारेवरचं पाणी
बारीक तुषार होऊन उडालं,
आणि आधी छतावरची ताडपत्री, मग काच, मग
अख्खी केबिन, नाकातोंडातून पाणी सोडत.
पोती फुगून फाटलेली.
तीन दिवस भिजलेली हळद
ट्रकच्या फळ्यांमधून उतरत होती
कृष्णेत, संथ, पिवळी.

हळदीचे मी हजारो फोटो काढलेत.
हा काढायचा राहिला.
बोट बटणावर होतं, खरंच होतं.

साहेब म्हणाले, वेळ?
मी म्हटलं, सव्वाबारा.
म्हणाले, फोटो?
मी बारा सतराचा दाखवला. चालला.

ड्रायव्हर तिथंच होता सगळा वेळ,
कोणाचातरी ढगळ सदरा घालून, अनवाणी.
जत्ती त्याचं आडनाव, नाव शिवाप्पा.
पोहून निघाला होता त्या रात्री.
जवळ आला, हळूच म्हणाला,
ताई, डावीकडनं घ्या.
उजवीकडनं लई चेपलीय.

लग्नातही कोणी ना कोणी येतंच असं,
मुलीची आई नाहीतर मावशी:
ह्या बाजूनं घ्या गं, त्या गालावर डाग आहे.
पण साहेबांना चेपलेलीच बाजू हवी होती,
जवळून, मोजपट्टी लावून.
ती दिली. सहा दिल्या.

सातवा डावीकडून.
तारेवर टांगलेली गाडी, किंचित कलती,
दारावर रंगवलेली कमळं धुऊन लख्ख,
आरशाला अजून लिंबू-मिरची.
मागे पुलाची कमान आणि
कोपऱ्यात, न सांगता आलेली,
इराप्पाची मिटलेली मूठ.

पाठवू कुठं, विचारलं.
त्यानं नदीकडे हात केला. मोबाईल तिच्यात होता.
मग म्हणाला, नागज फाट्यावर
नूरच्या टपरीत द्या, मी त्या वाटेनं असतोच.
असतोच म्हणाला, आणि गप्प झाला.

मोठा प्रिंट काढलाय, आठ बाय बारा.
चैत्र उलटला.
फाटा काही फार लांब नाही.